वाकड्या कोयऱ्यांचं कापड

अण्णा, तुमच्या त्या वाकड्या कोयऱ्यांच्या कापडात आज तुमची पणती झोपली आहे. माझ्या लेकीची लेक. दुपारी बारसं झालं, माणसं जेवून गेली, आणि आता बोगादीच्या या घरात पंख्याचा आवाज आणि मागे भांडी घासल्याचा आवाज, एवढंच आहे. बोगादी म्हणजे तुमच्या वेळी मैसूरबाहेरची नुसती नाचणीची शेतं. लष्कर मोहल्ल्यातून इकडे यायचं तर तुम्ही आईला दशम्या बांधायला सांगितल्या असत्या. आता इथे माझं दोन खोल्या वर, दोन खोल्या खाली असं घर आहे, आणि खालच्या खोलीत पाळणा टांगलाय.

हे मी कागदावर का लिहितोय, देव जाणे. तुम्हाला वाचता यायचं ते कन्नड. मराठी आपली घरात बोलण्यापुरती, तीही निम्मी कन्नडात बुडवलेली. मला ही अक्षरं शाळेत हिंदीच्या तासाला मिळाली, आणि भाषा पुण्याहून आलेल्या तुमच्या सुनेनं घासून-पुसून दिली. ती असती तर चष्मा लावून या पत्रातल्या चुका काढत बसली असती. तिला तुम्ही पाहिलंच नाही. आमच्या लग्नाआधीच तुम्ही गेलात. आता तीही गेली. तेव्हा हे पत्र कुठे जायचं नाही, कुणी वाचायचं नाही, हे मला ठाऊक आहे, आणि खरं म्हणजे त्यामुळेच लिहायचा धीर होतोय.

तर ऐका. मला सुईची अजून भीती वाटते. डोक्यावर केस राहिले नाहीत, कडकोळच्या कारखान्यात तीस माणसांवर ओरडून नोकरी संपवली, आणि तरी दवाखान्यातला तो स्पिरिटचा वास आला की तळहाताला घाम सुटतो, पोटात खड्डा पडतो आणि कानात काहीतरी गुणगुणायला लागतं. कारखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचा कॅम्प लागायचा त्या दिवशी हा सुपरवायझर माल चढवायच्या गोदामात खोक्यांच्या मागे बसून खोकी मोजायचा. कोरोनाच्या वेळी तुमच्या सुनेनं मला शाळेच्या पोराला न्यावं तसं दंडाला धरून नेलं. रांगेत माझे डोळे तिनं हातानं झाकले आणि म्हणाली, 'मैसूर ते नंजनगूड बसचे थांबे म्हणा बघू एकेक.' मी कडकोळपर्यंत पोचलो तोवर काम झालं होतं. ते थांबे विचारणारं माणूसच आता नाही, हे मला यंदा कळलं.

झालं असं. लेकीला दिवस गेले तेव्हाच तिनं मला बजावलं होतं, 'अप्पा, बाळ यायच्या आधी तुम्ही डांग्या खोकल्याची लस घ्यायची. डॉक्टर म्हणतात, बाळाला तो खोकला घरातल्या मोठ्या माणसांकडूनच होतो. बाळाला स्वतःची लस मिळेपर्यंत आपणच नीट राहायचं.' मी म्हटलं, घेतो. मग म्हटलं, घेतो की. मग बाळंतपण जवळ आलं आणि रोज सकाळी एकच प्रश्न, 'घेतली?' शेवटी एक दिवस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. टोकन घेतलं. आतून एका लहान पोराचं रडणं ऐकू आलं, आणि अण्णा, मी टोकन खुर्चीवर ठेवून उठलो ते थेट औषधांच्या दुकानात. कापूस घेतला, चिकटपट्टी घेतली. घरी येऊन आरशासमोर उभं राहून डाव्या दंडावर नीट चिकटवली. कसं सुचलं, विचारू नका. लेकीनं पट्टी पाहिली आणि या म्हाताऱ्याच्या गालाचा पापा घेतला. 'शाणे माझे अप्पा!' म्हणाली. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

बाळ घरी आलं. लेकीनं ते माझ्या मांडीवर ठेवलं, डोकं या कोपराच्या वाकणात. आपल्याकडचीच कपाळपट्टी, अण्णा, थेट तुमची. मी तिच्याकडे बघतोय आणि घसा खवखवतोय. संध्याकाळी खोकला आला, सुका, साधाच असेल, हवा पालटली होती. पण मी अंगणात जाऊन खोकलो, तोंडावर टॉवेल धरून. त्या दिवसापासून मी बाळाला हात लावायचं बंद केलं. कंबर धरलीय म्हणालो. हात धुवायचे राहिलेत म्हणालो. लेक बाळाला घेऊन खोलीत आली की मला फाटकाशी काहीतरी काम निघायचं. खोकला दोन दिवसांत गेला, पण आता लस न घेता बाळाला कसं घ्यायचं, आणि घ्यायची तर पुन्हा ते दवाखान्याचं दार, अशा कात्रीत मी दिवस ढकलत होतो.

मग एके दिवशी दुपारी लेक बाळाला दूध पाजून माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. तिचं मराठी तुम्हाला आवडलं असतं, आईचं पुणेरी आणि मोहल्ल्याचं मैसुरी, दोन्हींची भेसळ. 'अप्पा, सुम्मने, उगाच नाटक करू नका,' म्हणाली. 'कंबरबिंबर काही नाही तुमची. कुंड्या उचलता सकाळी, मी बघितलं. एक विचारू? मुलगी झाली म्हणून का?'

'छे! काहीतरीच काय!' एवढं म्हणालो, तेही असं की मलाच ते खोटं वाटलं. ती म्हणाली, 'बरं. घेऊ नका. निदान घरातलं जुनं मऊ कापड तरी काढून द्या बारशाला. नवं घालू नये म्हणतात पहिल्यांदा, आई असती तर तिनं दिलं असतं.' आणि डोळे पुसत गेली. तिच्या जन्मी मी लष्कर मोहल्ल्यात दारोदार पेढे वाटले होते, अण्णा, आणि आता माझ्या भित्रेपणाची शिक्षा म्हणून तिच्या मनात हे बसलं होतं. आपला बाप आपल्या लेकीला नकोशी मानतो, असं तिला वाटत होतं, आणि ते खोडून काढायला मला एक खरं वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी उठलो आणि कापड शोधायला ट्रंक उघडली.

तळाशी ती दुलईची खोळ निघाली. आईनं शिवलेली, तुम्ही छापलेल्या लाल कोयऱ्यांची. धुऊन धुऊन लाल आता विटकरी झालाय, कापड लोण्यासारखं मऊ. पण सांधा, एक ठसा दुसऱ्याला मिळतो ती जागा, अजून तसाच दिसतो. एक कोयरी खाली घसरलेली, पुढची वर चढलेली, मग दोघी एकमेकींवर चढलेल्या, मग मध्ये बोटभर मोकळी जागा. मी ट्रंकेपाशी जमिनीवरच बसलो.

मी सात-आठ वर्षांचा आहे. त्या वर्षी उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या घरातलं पोर देवीनं गेलं. माझ्याबरोबर गोट्या खेळायचं. त्यानंतर सरकारी टोचणारा सायकलवर पत्र्याचा डबा लावून गल्लीत यायला लागला आणि निम्म्या बायकांनी दारं लावून घेतली. देवी गल्लीत आहे ती कमी आहे का, आणि वर आणखी टोचून घ्यायची, असं आपल्या शेजारणी म्हणायच्या. तुम्ही मात्र आईला सांगून ठेवलं होतं, की आपलं दार उघडं राहील. मी ते ऐकलं आणि जेवलो नाही. पोटात दुखतंय म्हटलं. रात्रभर नुसता कूस बदलत होतो, हे तुम्हाला कळलं असणार, कारण टोचणारा यायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला छपाईच्या मेजापाशी बोलावलंत.

'शर्ट काढ,' म्हणालात. मग लाकडी ठशांच्या फळीवरून सगळ्यात लहान ठसा उचललात, टिकलीचा, आणि रंगाच्या गादीवर हलकेच टेकवलात. 'मी छापताना काय करतो, बघितलंस कधी?' मी म्हटलं, 'हूं करता.' तुम्ही हसलात. 'हूं नव्हे रे. श्वास सोडतो. श्वास आत ओढून धरला की हात थरथरतो आणि सांधा चुकतो. श्वास सोडता सोडता ठसा टेकवायचा, म्हणजे कापडालाही कळत नाही. सोड बघू.' मी श्वास सोडला, तुम्ही ठसा दंडावर दाबलात. लाल टिकली उठली. 'दुखलं?' 'नाही.' 'उद्या पण एवढंच. त्याच्याकडे पण ठसाच असतो, लोखंडाचा, एवढासा.' मग आपण कितीतरी वेळ तो खेळ खेळलो. माझे दोन्ही दंड लाल टिकल्यांनी भरले. पहिल्यांदाच मला वाटलं की जमेल.

आणि तरी मी बोललोच. 'मग आधी तुम्ही घ्या टोचून.' तुम्ही म्हणालात, 'घेईन की.' 'ह्या हाताला,' मी म्हणालो आणि तुमच्या उजव्या दंडाला बोट लावलं, ज्या हातानं तुम्ही छापायचात त्याच. मला वाटलं, त्या हाताला दुखणार असेल तर तुम्ही नाही म्हणाल, आणि मग मला खरं काय ते कळेल. एवढं डोकं होतं मला. आतून आई ओरडली, 'अय्यो, त्या हाताला नको हो! शामियानेवाल्याचं काम अंगावर आहे.' तुम्ही म्हणालात, 'एवढंसं तर असतं. पोराला शब्द दिलाय.'

सकाळी टोचणारा आला. ओट्यावर डबा उघडला. एका दांडीला बारीक दातांची चकती होती; ती तो स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, निववायचा, आणि कातडीवर टेकवून गरकन फिरवायचा. 'कै कोडु मरी, हेदरबेड,' मला म्हणाला. हात दे बाळा, घाबरू नको. तुम्ही मध्ये आलात, बाही वर केलीत. त्यानं डावा हात मागितला. तुम्ही म्हणालात, 'बलगै,' आणि उजवा पुढे केलात. माझ्याकडे बघत, श्वास सोडत. चकती फिरली. 'आयतु,' तो म्हणाला, झालं. तुम्ही मला म्हणालात, 'बघ, एवढंच.' पण त्या जागी रक्ताचा एक थेंब वर आला होता, अण्णा, आणि तो टिकलीएवढाच लाल होता. मी वळलो आणि पळालो. मागच्या अंगणात रंगाचा मोठा रिकामा हंडा उपडा होता, त्याच्याखाली जाऊन बसलो. तुम्ही हाका मारत होता. मी ऐकत होतो.

दोन-तीन दिवसांत तुमचा हात सुजला. ताप चढला, काखेत गाठ आली, दंड खांद्यापर्यंत लाल झाला. टोचलेली असली तरी देवीच, म्हणून आईनं फोडणी देणं बंद केलं आणि आपण सगळे नुसतं वरण-भात खात होतो. मंडपाचं कापड तसंच पडून होतं आणि लग्नाची तिथी जवळ येत होती. मी मेजाखाली बसलो होतो, तिथे बसायची सवयच होती मला. आई म्हणाली, 'शामियानेवाल्याला सांगा की, हात दुखतोय, चार दिवस थांब म्हणून.' तुम्ही आवाज खाली करून म्हणालात, 'कशानं दुखतोय म्हणून सांगू? टोचून घेतलं म्हणून? आत्ता कुठे दोन दारं उघडलीत गल्लीतली. छापणाऱ्याचा हात गेला असं कानावर पडलं की एक पोर बाहेर येणार नाही. कोपऱ्यावरचं ते पोर कसं गेलं, तू पण बघितलंस.' मग तुम्ही त्या गर्मीत लांब बाह्यांचा शर्ट घातलात, उजवा हात पोटाशी धरलात आणि डाव्या हातानं ठसा उचललात.

मी मेजाखाली होतो, मला नुसता आवाज येत होता. तुमचा नेहमीचा ताल मला पाठ होता. त्या दिवशी तो ताल नव्हता. ठसा टेकायचा, मग बराच वेळ काही नाही, मग तुमचा श्वास, मग पुन्हा. मध्येच 'हरे राम' म्हणायचात. मला कळत होतं, अण्णा. लहान होतो, कळत नव्हतं, असं मी माझ्या मनाला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण रंगाऱ्याच्या घरातलं पोर मी, सांधा चुकलेला आवाजावरूनही कळायचा मला.

शामियानेवाला आला. कापड ओट्यावर पसरून त्याच्या कडेनं चालत गेला. 'हा सांधा बघा,' म्हणाला. 'हा बघा. हे मी लग्नात डोक्यावर लावू? तुमच्या हातात काही राहिलं नाही आता.' आजूबाजूची चार माणसं जमली होती. मी दारात उभा होतो. तुमचा उजवा हात बाहीत होता आणि तुम्ही म्हणालात, 'चुकलं माझं.' एवढंच. बाही वर केली नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, आणि त्याचं मला तेव्हा बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते.

आणि एवढं करून मला टोचलंच. टोचणारा पुन्हा आला तेव्हा गल्लीतल्या पोरांची ओट्यावर रांग लागली होती, आणि आईनं मला मांडीखाली दाबून धरलं. मी किंचाळायला तोंड उघडलं तोवर तो 'आयतु' म्हणून डबा बंद करत होता. खरोखर एवढंसंच होतं. तुम्ही शेजारी बसून डाव्या हातानं माझी पाठ थोपटत होता. तुमचा उजवा हात फुकट गेला होता, आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. एक थोबाडीत मारली असतीत तर फार बरं झालं असतं.

सूज उतरली, पण काम आलं नाही. 'हात गेला त्याचा,' असं पेठेत झालं. गिरणीचं छापील कापड तेव्हा येतच होतं, आज ना उद्या ठसे फळीवर जायचेच होते, हे मला कळतं. पण तुमचे गेले ते सगळ्यांच्या आधी. तुम्ही उदबत्तीच्या कारखान्यात पुडे बांधायला लागलात. कागद दुमडायच्या आधीही श्वास सोडायचात. मी डबा घेऊन यायचो तेव्हा बघायचो. त्या कापडाची आईनं खोळ शिवली आणि मी मोठा होईपर्यंत तीच पांघरून झोपलो.

आता सगळ्यात वाईट सांगतो. आपल्या नात्यात त्या कापडाची चेष्टा सुरू झाली आणि ती मी चालवली. कुणाच्या लग्नात, मुंजीत, छपाईचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, 'सांग रे ती कोयऱ्यांची गोष्ट,' आणि मी उठून सांगायचो, 'आमच्या अण्णांनी एकदा कोयऱ्या छापल्या, तर त्या भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या!' हशा पिकायचा. मला हशा पिकवता येतो, लोक मला त्यासाठी बोलावतात. तुमच्या सुनेलाही मी हीच गोष्ट सांगितली, लेकीलाही. दोघींना तुम्ही असेच माहीत, एक साधे-भोळे, हात वाकडा असलेले आजोबा. गल्लीतली पोरं घाबरू नयेत म्हणून तुम्ही गप्प राहिलात. देवीचा रोगच देशातून गेला, गल्लीतली ती पोरं आजोबा झाली, आता गप्प राहायला कारणच उरलं नव्हतं. फक्त माझी अब्रू होती.

ट्रंकेपाशी बसून मला हे सगळं एकदम दिसलं. माझ्या भीतीचं ओझं नेहमी दुसऱ्यानंच उचललंय. तेव्हा तुम्ही, आता माझी लेक, जी आत पाळण्यापाशी बसून स्वतःच्या पोरीची समजूत काढत असेल की आजोबांना तू नको आहेस. मी उठलो. शर्टसुद्धा बदलला नाही. रिक्षा केली, नाहीतर चालता चालता परत फिरलो असतो.

दवाखान्यात सिस्टरला म्हटलं, 'मी मागे एकदा येऊन पळून गेलो होतो.' ती म्हणाली, 'गोत्तु अंकल. टोकन खुर्चीवर ठेवून गेलात, मला माहीत आहे.' मी म्हटलं, 'मला फार भीती वाटते. हसू नका.' ती हसली नाही. दार लावलं, म्हणाली, 'बसा, घाई नाही.' मी स्टुलावर बसलो. घाम, खड्डा, कानातली गुणगुण, सगळी मंडळी हजर. पण स्पिरिटचा गार बोळा दंडाला लागला आणि माझा श्वास आपोआप सुटला, लांब, तुमच्यासारखा हूं करून. 'आयतु,' ती म्हणाली. मी विचारलं, 'एवढंच?' आणि मग या वयात, परक्या बाईसमोर, मी ढसाढसा रडलो. तिनं पाण्याचा ग्लास दिला आणि बाहेरच्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं.

घरी येऊन लेकीला सगळं सांगितलं. चिकटपट्टीचं, खोकल्याचं, सगळं. ती आधी बाळाला घेऊन आत गेली आणि तिनं डॉक्टरांना फोन लावला. बाळाला काही झालेलं नव्हतं, डॉक्टरांनी लक्ष ठेवा म्हणून सांगितलं. मग ती बाहेर आली. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढते. ती म्हणाली, 'मग मुलगी म्हणून नव्हतं ना?' मी मान हलवली. 'खरंच नव्हतं?' 'नाही गं माझ्या आई.' तेव्हा ती रडली, आणि रडून झाल्यावर चिडली, आणि चिडली ती बरीच. 'दोन आठवडे ती खुर्ची खिडकीपाशी. तिथून बघायचं बाळाला. हात लावायचा नाही.' मी दोन आठवडे त्या खुर्चीवर बसलो. बरंच झालं, तुमच्याकडून न मिळालेली शिक्षा थोडी तरी लेकीकडून वसूल झाली.

आज बारशाला बाळाला त्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. तुमच्या थोरल्या भावाची मुलगी आली होती, माझी चुलत बहीण, काठी टेकत. कापड पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. 'अय्यो, भांडलेल्या जावा! अजून आहेत? सांग रे ती गोष्ट.' सगळी माणसं माझ्याकडे वळली, हसायला तयार. माझं तोंडही सवयीनं उघडलं. मग मी म्हणालो, 'तो डावा हात होता.' कुणाला काही कळेना. मी सांगायला लागलो. गोष्ट नीट सांगता आली नाही, अण्णा, नेहमी एवढा बोलणारा मी, अडखळलो, मध्येच बाळ रडलं, कुणीतरी पानं मांडू का विचारून गेलं. पण टोचणारा, उजवा दंड, लांब बाह्या, हंडा, सगळं सांगितलं. बहिणीनं ऐकून घेतलं. तीही रंगाऱ्याची पोर. ती वाकली, कापडाची कड दोन बोटांत धरून डोळ्यांपाशी नेली आणि सांध्यावरून बोट फिरवत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, 'डाव्या हातानं ना? मग फार सरळ आलंय रे. काकांशिवाय कुणाला जमलं नसतं.' तिचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचावं म्हणूनच खरं तर हा कागद घेतला.

तेवढ्यात लेक डोळे पुसत सगळ्यांना म्हणाली, 'आणि अप्पांनी पण लस उजव्याच हाताला घेतली. आजोबांसाठी. मला सांगितलंसुद्धा नाही, मी पट्टी बघितली.' माणसं हळहळली. बहिणीनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी खाली मान घालून बसलो, आणि त्यांना तो विनय वाटला.

खरं असं आहे, अण्णा, की सिस्टर माझ्या डाव्या बाजूला सुई घेऊन उभी होती. ती मला बघवेना, म्हणून मी स्टुलावर बसल्या बसल्या गरकन उलटा फिरलो, आणि उजवा दंड तिच्यासमोर आला. कोणता हात ते मला रिक्षात बसल्यावर कळलं. लेकीला उद्या सांगेन म्हणतो. तुम्हाला माझा भरवसा वाटणार नाही. मलाही वाटत नाही.